सिस्टीम इंजिनिअरिंग शिकायचंय? चला, आधी सोसायटीच्या पंपरूममध्ये जाऊ

सिस्टीम इंजिनिअरिंग म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर सर्व्हर, नेटवर्क, लिनक्स वगैरे येतं. ते काम वेगळं. मी ज्याबद्दल लिहितोय ते म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी बनवलेले, वेगवेगळ्या विषयांतले भाग एकत्र आणायचे आणि त्यातून एक नीट काम करणारी गोष्ट उभी करायची, ती वापरात असेपर्यंत सांभाळायची आणि शेवटी नीट मोडीतही काढायची. उपग्रह, मेट्रो, लढाऊ विमान, हॉस्पिटलचं ऑक्सिजन लाईनचं जाळं, सगळीकडे हेच लागतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत बेल लॅबमध्ये टेलिफोनच्या जाळ्यावर काम करताना हा शब्द रुळला, आणि आज आयएसओ १५२८८ नावाचं याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डसुद्धा आहे.

पण शिकायची सुरुवात स्टँडर्डपासून करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातले शब्द पाठ होतात आणि हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा एखादी छोटी सिस्टीम घ्या, जिच्यात पाणी आहे, वीज आहे, माणसं आहेत आणि भांडणंही आहेत. आपल्या सोसायटीची पाण्याची व्यवस्था घेऊ. समजा तळमजला अधिक सहा मजले, ४० फ्लॅट, खाली जमिनीत टाकी, गच्चीवर टाकी, मध्ये पंप. महापालिकेचं पाणी सकाळी दोन तास येतं. कागद, पेन्सिल आणि खोडरबर घ्या, सॉफ्टवेअर नको.

पहिली पायरी : हद्द आखा

कागदाच्या मधोमध एक मोठा चौकोन काढा आणि स्वतःला विचारा की या चौकोनात काय आहे आणि बाहेर काय आहे. खालची टाकी, पंप, स्टार्टर, पाईप, वरची टाकी, फ्लॅटपर्यंतच्या लाईन्स हे आत. महापालिकेची मेन लाईन बाहेर, वीज कंपनीचा पुरवठा बाहेर, टँकर बाहेर. बाहेर म्हणजे बिनमहत्त्वाचं नव्हे हं, बाहेर म्हणजे ज्याच्यावर आपला कंट्रोल नाही पण ज्याच्याशी आपल्याला जमवून घ्यावंच लागतं. पाणी कधी येतं, किती प्रेशरने येतं, लाईट किती वेळा जाते, हे सगळं चौकोनाच्या बाहेरून आत येणाऱ्या बाणांवर लिहा.

आता खरा प्रश्न. वॉचमन आत की बाहेर? नवीन मुलं नेहमी त्याला बाहेर ठेवतात, कारण तो "मशीन" नाही. पण रोज पहाटे पंप चालू कोण करतं, टाकी भरली का बघायला गच्चीवर कोण जातं? तो आतच आहे. सिस्टीममध्ये माणूस धरायचा विसरलात तर पुढचं सगळं चुकतं, हे कसं ते चौथ्या पायरीत येईलच.

दुसरी पायरी : कोणाकोणाला विचारायचं

वापरणारे सगळे विचारात घ्या, नुसते कमिटीवाले नव्हे. सहाव्या मजल्यावरच्या आजी, तळमजल्यावरचे काका ज्यांच्या भिंतीला लागून पंपरूम आहे, वॉचमन, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाकी धुणारी माणसं, आणि लाईट बिलावर सही करणारे खजिनदार. यांना इंग्रजीत स्टेकहोल्डर म्हणतात आणि मराठी ऑफिसातही तोच शब्द चालतो.

विचारताना एक पथ्य पाळा. "तुम्हाला काय बसवून हवंय" असं विचारू नका, "तुम्हाला त्रास काय होतो, कधी होतो" असं विचारा. आमच्या इथे सहाव्या मजल्यावरून कित्येक मीटिंगमध्ये एकच मागणी यायची, मोठा पंप घ्या, आम्हाला प्रेशर मिळत नाही. आता नीट बघा. पंप पाणी टाकीत चढवतो आणि तिथे त्याचं काम संपतं. नळाला येणारं प्रेशर टाकीच्या उंचीवर ठरतं, साधारण १० मीटर उंचीला १ बार (बार हे प्रेशर मोजायचं युनिट). तळमजल्यावरच्या शॉवरच्या वर टाकी २० एक मीटर असते म्हणजे २ बार, आणि सहाव्या मजल्यावरच्या शॉवरच्या वर जेमतेम ३ मीटर म्हणजे ०.३ बार, त्यातलंही थोडं पाईपच्या घर्षणात जातं. तुम्ही ५० हॉर्सपॉवरचा पंप बसवला तरी सहाव्या मजल्याचं प्रेशर तसूभर वाढणार नाही! टाकी उंच करा, खाली उतरणारा पाईप जाड करा, नाहीतर वरच्या एक-दोन मजल्यांसाठी छोटा प्रेशर पंप लावा. मागणी चुकीची होती पण तक्रार शंभर टक्के खरी होती, आणि हे दोन वेगळे करता येणं हेच या कामातलं पहिलं कौशल्य.

तिसरी पायरी : गरजा अशा लिहा की तपासता येतील

इथे याला रिक्वायरमेंट म्हणतात. "पाणी भरपूर मिळावं" ही रिक्वायरमेंट नाही, ती इच्छा आहे. "चांगलं प्रेशर", "कमी आवाज", "लवकर भरावी", "टिकाऊ", असले शब्द दिसले की पेन्सिलने गोल करा आणि त्या जागी आकडा येईपर्यंत पुढे जाऊ नका.

उदाहरणार्थ असं लिहा : सहाव्या मजल्यावर, वरची टाकी निम्मी भरलेली असताना, एका शॉवरमधून मिनिटाला कमीत कमी ६ लिटर पाणी आलं पाहिजे. ही तपासायला काय लागतं? बादली आणि मोबाईलचं घड्याळ. बस्स. प्रत्येक रिक्वायरमेंटच्या शेजारी ती तपासणार कशी हे त्याच दिवशी लिहायचं, नंतर नाही. तपासायची पद्धत सुचत नसेल तर रिक्वायरमेंट अजून कच्ची आहे असं समजा.

आता पाणी किती? शहरात माणशी रोज १३५ लिटर हा नेहमीचा सरकारी हिशोब. ४० फ्लॅट, घरटी ५ माणसं धरली तर २०० माणसं, म्हणजे रोजचं २७,००० लिटर. हे दोन तासांत वर चढवायचं ठरवलं तर सेकंदाला ३.७५ लिटर. उंची किती? सात मजल्यांचे २१ मीटर, गच्चीपासून टाकीच्या तोंडापर्यंत ३, खालच्या टाकीतून उचलायचे २, असे २६, आणि पाईपच्या घर्षणात जाणारा जोर साधारण ४ मीटर उंचीइतका धरा, एकूण ३०. पंप-मोटर मिळून ५० टक्के एफिशियन्सी धरली तर साधारण २.२ किलोवॅट म्हणजे ३ हॉर्सपॉवर लागेल. बघा, अजून कुठल्याही दुकानात गेलो नाही, कुठल्या कंपनीचं नाव घेतलं नाही, आणि पंप केवढा हवा ते समजलं.

प्रत्येक रिक्वायरमेंटला नंबर द्या आणि ती कोणाच्या तोंडून आली ते लिहून ठेवा. हे कंटाळवाणं वाटतं, मान्य आहे, पण दोन वर्षांनी कोणी विचारलं की "रात्री ११ नंतर पंप चालवायचा नाही हे कोणी ठरवलं" तर तळमजल्यावरच्या काकांची झोप हे उत्तर कागदावर सापडतं, आणि ते काका घर सोडून गेले असतील तर ती अट काढून टाकायची की नाही हेही ठरवता येतं. याला ट्रेसेबिलिटी म्हणतात.

चौथी पायरी : आधी कामं, मग वस्तू

नवशिक्याचा हात लगेच वस्तूंकडे जातो. पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर. थांबा. आधी क्रियापदं लिहा. साठवणं, उचलणं, वाटणं, पातळी समजणं, कधी चालू-बंद करायचं ते ठरवणं, बिघाडापासून वाचवणं, लोकांना कळवणं. मग प्रत्येक काम कोण करणार ते वाटून द्या. उचलणं पंपाकडे, वाटणं पाईपकडे आणि गुरुत्वाकर्षणाकडे, पातळी समजणं फ्लोट स्विचकडे (पाण्यावर तरंगत वर-खाली होऊन सर्किट जोडणारा-तोडणारा स्विच), ठरवणं वॉचमनकडे किंवा कंट्रोलरकडे.

आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे कारण हीच जागा आहे जिथे चांगले चांगले लोक घसरतात. सोसायटीने ठरवलं की वॉचमनला रोज पहाटे उठायला नको, ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवू. कागदावर वॉचमनचं काम काय होतं? पंप चालू करणं आणि बंद करणं. तेवढं कंट्रोलरला दिलं. पण वॉचमन प्रत्यक्षात काय काय करत होता ते कोणी विचारलंच नाही. तो पंप चालू करायच्या आधी खालच्या टाकीचं झाकण उघडून पाणी आहे का बघायचा. पंपाचा आवाज बदलला की त्याला कळायचं. पंपरूमच्या जमिनीवर ओल दिसली की प्लंबरला फोन जायचा. महापालिकेचं पाणी गढूळ आलं की तो वर चढवतच नव्हता, थोडं निवळू द्यायचा. ही सगळी कामं कोणत्याच कागदावर नव्हती, पगाराच्या चिठ्ठीवर तर अजिबातच नव्हती, पण सिस्टीम त्यांच्यावर चालली होती. माणसाला काढून मशीन बसवताना माणूस न सांगता जे करत होता त्याची यादी करा, त्याच्याबरोबर तीन-चार दिवस सकाळी उभं राहून करा, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी नावावर टाका. मशीनच्या नाहीतर माणसाच्या.

पाचवी पायरी : सांधे बघा, सांधे

मला कोणी विचारलं की या सगळ्या विषयातलं एकच काय लक्षात ठेवू, तर मी सांगेन की भाग क्वचितच दगा देतात, दगा देतात ते सांधे. दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे इंटरफेस.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. पंप एका दुकानातून, पॅनल म्हणजे स्टार्टर-कंट्रोलरचा डबा दुसऱ्या माणसाकडून, फ्लोट स्विच तिसऱ्याने म्हणजे प्लंबरने लावले. बाजारात मिळणाऱ्या फ्लोटला बहुतेक वेळा तीन वायरी असतात, त्यातल्या कुठल्या दोन जोडता यावर तो पाणी असताना सर्किट जोडतो की पाणी नसताना, हे ठरतं. खालच्या टाकीतला फ्लोट प्लंबरने पाणी संपल्यावर जोडला जाईल असा लावला. पॅनलवाल्याने धरून चाललं की फ्लोट जोडलेला म्हणजे पाणी आहे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. टाकी काठोकाठ भरलेली आणि पंप काही चालू होईना, संध्याकाळ झाली, लोक ओरडायला लागले, मग इलेक्ट्रिशियनने त्या फ्लोटच्या टर्मिनलवर "तात्पुरता" शंट मारला, म्हणजे दोन टोकं वायरीने थेट जोडून टाकली, आणि पंप धडधडायला लागला. सगळे खूश. तो शंट तसाच राहिला. काही आठवड्यांनी एके पहाटे महापालिकेचं पाणी आलंच नाही, वरची टाकी रिकामी म्हणून कंट्रोलरने पंप चालू केला, खाली पाण्याचा थेंब नाही, आणि पंप कोरडा फिरत राहिला, सील जळून गेलं. नंतरच्या मीटिंगमध्ये तिघेही सांगत होते की माझं काम चोख आहे, आणि मी रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की खरंच तिघांचंही काम चोख होतं. मधली वायर कोणाचीच नव्हती.

हे फक्त सोसायटीत होतं असं समजू नका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान डिसेंबर १९९८ मध्ये निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झालं. कारण काय, तर जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंद या युनिटमध्ये देत होतं आणि ते आकडे घेणारं दुसरं सॉफ्टवेअर त्यांना न्यूटन-सेकंद समजत होतं. फरक ४.४५ पटीचा. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या परीने बरोबर गणित करत होती, सांध्यावर युनिट लिहिलेलं होतं तरी ते पाळलं गेलं नाही आणि कोणी तपासलंही नाही.

आपल्या मुंबईचं उदाहरण तर रोज डोक्यावरून जातं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशभर २५,००० व्होल्ट एसी आलं आणि मुंबई डीसीवर राहिली. ते बदलायचं ठरलं तेव्हा वरकरणी काम एवढंच की वायरीतलं व्होल्टेज बदला. पण व्होल्टेज वाढलं की वायर आणि पूल यांच्यात जास्त मोकळी जागा लागते, आणि मुंबईत रुळांवरून जाणारे ब्रिटिश काळातले बुटके पूल किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, मग कुठे रूळ खाली घ्या, कुठे पूल उचला, नाहीतर पाडून बांधा. इन्सुलेटर बदला, सबस्टेशन बदला, एसीमुळे शेजारच्या सिग्नलच्या आणि टेलिफोनच्या केबलमध्ये करंट उमटतो म्हणून त्यांचीही व्यवस्था करा. आणि हे सगळं लाखो लोक रोज प्रवास करत असताना, गाड्या बंद न ठेवता! म्हणून मधल्या काळात एसी आणि डीसी दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेची मेन लाईन २०१५ मध्ये आणि हार्बर २०१६ मध्ये. एक आकडा बदलला आणि पुलापासून टेलिफोनपर्यंत सगळं हललं. नवीन लोकांनी लोकलमध्ये उभं असताना खिडकीतून वर बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही करायचं काय, तर एन-स्क्वेअर चार्ट काढा. सोप्पा आहे. चौकटी आखलेला कागद घ्या, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरप्या ओळीत एकेक भाग लिहा, खालची टाकी, पंप, पॅनल, फ्लोट, वरची टाकी, वॉचमन. मग पंपाच्या ओळीतून पॅनलच्या स्तंभात जी चौकट येते तिथे लिहा की पंप पॅनलला काय देतो, आणि पॅनलच्या ओळीतून पंपाच्या स्तंभात लिहा की पॅनल पंपाला काय देतो. सहा भाग म्हणजे तीस चौकटी. बऱ्याच रिकाम्या राहतील. जी भरेल तिथे चार गोष्टी हव्यातच : काय जातं (पाणी, वीज, सिग्नल, माहिती), किती आणि कोणत्या युनिटमध्ये, ते नाही आलं तर घेणारा काय करेल, आणि या सांध्याचा मालक कोण. मालकाच्या जागी एकाच माणसाचं नाव लिहा. दोघांची नावं लिहिलीत तर तो पुन्हा कोणाचाच राहत नाही.

सहावी पायरी : पर्याय तोलून बघा

कोणीतरी म्हणणारच की दोन तास कशाला, एका तासात टाकी भरणारा पंप घेऊ. घेऊ की, पण हिशोब करा. पाणी दुप्पट वेगाने नेलं की त्याच पाईपमधलं घर्षण साधारण चौपट होतं, ४ मीटरचे १६ झाले, एकूण ४२ मीटर. पाणी दुप्पट, उंचीही वाढली, पॉवर गेली ६.२ किलोवॅटवर म्हणजे ८ हॉर्सपॉवरच्या वर, बाजारात मग १० चाच घ्यावा लागतो. अर्धा वेळ वाचवायला ३ चे १०. वर स्टार्टर मोठा, केबल जाड, वीज कंपनीकडून मंजूर लोड वाढवून घ्या, आणि तळमजल्यावरचे काका आहेतच. किंवा पंप तोच ठेवून फक्त पाईप एक साईज जाड करा, घर्षण एकदम खाली येतं. हे सगळे पर्याय एका तक्त्यात मांडा, खर्च, आवाज, वीज, दुरुस्तीची सोय. मार्क देऊन बेरीज करायची पद्धत आहे, पण बेरजेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, एखाद्या मुद्द्याचं वजन थोडं हलवून बघा, पहिला नंबर लगेच बदलत असेल तर निर्णय अजून झालेला नाही.

सातवी पायरी : काय काय बिघडेल ते आधीच बसून ठरवा

एक छोटं गणित. वीस भाग आहेत, प्रत्येक ९९ टक्के भरवशाचा, आणि एकही बंद पडला तरी पाणी बंद. मग अख्ख्या व्यवस्थेचा भरवसा किती? ९९ नव्हे, साधारण ८२ टक्के. म्हणून जिथे शक्य आहे तिथे जोडीला राखीव भाग ठेवतात. ९० टक्के भरवशाचे दोन पंप, कुठलाही एक चालला तरी भागतं, तर भरवसा ९९ टक्क्यांवर जातो.

पण हे तेव्हाच खरं जेव्हा दोघं वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. दोन्ही पंप एकाच पॅनलवर, एकाच फूट व्हॉल्व्हवर (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तळाशी असतो तो) असतील तर कागदावर दोन आणि खरं म्हणजे एक. ४ जून १९९६ ला युरोपचं आरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. दिशा आणि वेग सांगणारे दोन कॉम्प्युटर होते, एक मुख्य, एक राखीव. सॉफ्टवेअर जुन्या आरियान ४ मधून तसंच उचललेलं. नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेग घेत होतं, तो मोठा आकडा १६ बिटच्या जागेत मावला नाही, आणि दोन्ही कॉम्प्युटर एकाच चुकीने एका क्षणाच्या अंतराने बंद पडले, कारण दोन्हीत सॉफ्टवेअर एकच होतं. आणि ज्या हिशोबात ही चूक झाली तो हिशोब उड्डाणानंतर लागतच नव्हता.

मग करायचं असं की प्रत्येक भागासमोर लिहा : हा कसा बिघडेल, बिघडला तर काय होईल, आपल्याला कळेल कसं, आणि आत्ता त्यावर काय करता येईल. याला एफएमईए म्हणतात. आमच्या फ्लोटचंच बघा. वायर तुटली तर काय? आम्ही नंतर ठरवलं की कुठलीही वायर तुटली तरी पंप बंदच झाला पाहिजे. खालचा फ्लोट पाणी असेल तरच सर्किट जोडतो, वरचा फ्लोट टाकी भरलेली नसेल तरच जोडतो, म्हणजे उंदराने वायर कुरतडली की कंट्रोलरला खाली पाणी संपल्यासारखं किंवा वर टाकी भरल्यासारखं वाटतं आणि पंप थांबतो. लोक ओरडतील, पण पंप जळणार नाही. बिघाड झाला तरी सुरक्षित बाजूला पडायचं, याला फेल-सेफ म्हणतात.

चांद्रयान २ चा विक्रम लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये आदळला, त्यानंतर इस्रोने चांद्रयान ३ करताना हाच विचार केला, काय काय बिघडू शकतं आणि तरीही उतरायचं कसं. उतरायची जागा ५०० मीटर गुणिले ५०० मीटर होती ती ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन जास्त भरलं, सोलर पॅनल वाढवले, वेग मोजायला वेगळं लेझर उपकरण दिलं, आणि पाच मोठ्या इंजिनांच्या जागी चारच ठेवली. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ सगळ्यांना आठवतेच, माझ्या तर आजही अंगावर काटा येतो.

आठवी पायरी : तपासणी दोन प्रकारची

व्हेरिफिकेशन म्हणजे लिहिलं होतं तसं बनलं का. व्हॅलिडेशन म्हणजे लोकांना हवं होतं ते मिळालं का. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा पंप घेतला असता तर पहिली परीक्षा पास, आणि सहाव्या मजल्यावरच्या आजींचा शॉवर तसाच.

तपासायचा क्रम छोट्याकडून मोठ्याकडे. आधी नुसता फ्लोट बादलीत बुडवून मीटर लावून बघा, मग फ्लोट आणि पॅनल जोडून पंपाशिवाय, मग पंपासकट, मग पूर्ण इमारत. डिझाईन करताना आपण मोठ्याकडून छोट्याकडे उतरलो, तपासताना उलटं चढतो, म्हणून या आकृतीला व्ही-मॉडेल म्हणतात. आणि वाईट दिवस मुद्दाम तयार करून बघा. खालच्या टाकीचा इनलेट बंद करून ती रिकामी होऊ द्या आणि पंप आपणहून थांबतो का बघा, चालू पंपाची लाईट घालवा आणि परत आणा, फ्लोटची वायर काढा. आम्ही सुरुवातीला ही एक टेस्ट केली असती, फक्त खालची टाकी रिकामी करून, तर तो शंट त्याच संध्याकाळी सापडला असता.

नववी पायरी : बदल लिहून ठेवा

सिस्टीम बनली त्या दिवशी जशी होती तशी ती कधीच राहत नाही. कोणी बोअरवेलची लाईन जोडतं, कोणी एक व्हॉल्व्ह काढून टाकतं, वॉचमन बदलतो. म्हणून एक रजिस्टर करा. तारीख, काय बदललं, का बदललं, कोणी सांगितलं, आणि या बदलामुळे एन-स्क्वेअर चार्टमधल्या कुठल्या चौकटी हलल्या. "तात्पुरतं" हा शब्द लिहायचा असेल तर त्याच ओळीत काढायची तारीख लिहायची, त्याशिवाय सही नाही, हा नियम आम्ही केला आणि तो मी ऑफिसातही लावला. ड्रॉईंग जुनं झालं की त्यावर आडवी रेघ मारा, नवीन लावा, दोन ड्रॉईंग्ज एकाच वेळी भिंतीवर नकोत.

आमच्या पंपरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला आता प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद आहे. त्यावर सगळी आकृती, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा, सोमवारी पंप एक आणि पुढच्या सोमवारी पंप दोन, महिन्यातून एकदा खालची टाकी रिकामी करून घ्यायची टेस्ट, आणि खाली वॉचमनने स्वतः सांगितलेल्या चार ओळी : आवाज बदलला तर बंद कर, जमीन ओली दिसली तर फोन कर, पाणी गढूळ असेल तर थांब, झाकण लावलंय का बघ.

तुमच्या इमारतीत येत्या रविवारी सकाळी पाणी यायच्या वेळेला खाली जा, वॉचमनशेजारी उभे रहा आणि पहिला चौकोन काढा.